गेजकाका आणि पास झालेलं हाड

गेजकाकांनी एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात सुटे भाग तपासले. भाग समोर यायचा. काका त्याला मोजमापाचं गेज लावायचे. मापात असला तर पास, नसला तर रिजेक्ट. मधलं काही नसायचं. "एवढं चालून जाईल हो," असं म्हणणाऱ्या साहेबाकडे ते चष्म्यावरून नुसतं बघायचे. साहेब गुपचूप वाटेला लागायचा.

रिटायर झाल्यावर गेज हातातून गेलं, नजरेतून गेलं नाही. पावाचा तुकडा जाडीला कमी असला तर त्यांना तो खुपायचा. भिंतीवरची तसबीर केसभर कलली तरी जेवण जायचं नाही. एकदा बायकोने चिरलेली गाजरं त्यांनी ताटात लहान-मोठी अशी लावून ठेवली.

"अहो, ही पोटात जायचीत," बायको म्हणाली. "पंपात नाही."

मग मुलीने कुत्रा आणला. तपकिरी, मध्यम चणीचा. एक कान उभा, एक पडलेला. काकांनी दोन्ही कान निरखून पाहिले आणि म्हणाले, "जोडी जुळत नाही. रिजेक्ट."

कुत्र्याने उडी मारून काकांची खुर्ची पकडली आणि तिथेच अंग टाकलं. मुलीने त्याचं नाव साहेब ठेवलं.

"जन्मभर साहेबांना पुरून उरलो," काका म्हणाले. "आता हा."

पण आठ दिवसांत चित्र पालटलं. मुलगी सकाळी प्रयोगशाळेत कामाला जायची ती संध्याकाळीच यायची. दिवसभर साहेब काकांच्या पायाशी असायचा. काका पेपर वाचायचे तेव्हा तो पेपरवर बसायचा. काका त्याच्या भोवतालचं वाचायचे.

साहेबाला एकच खोड होती. चावणं त्याला माहीत नव्हतं. जे हाती लागेल ते तो गिळायचा. एकदा बिस्किट अख्खं घशाखाली ढकललं आणि अर्धा तास खोकत बसला. मुलीने त्याला कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काका आणि काकू सोबत गेले.

"अख्खा गिळता येईल असा टणक खाऊ द्यायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घशात बसतो."

"किती मिलीमीटर?" काकांनी विचारलं.

"काय?"

"घसा. आतला व्यास."

डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, कुत्रा आहे तो. नळी नाही." तरी त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करून दाखवला. "अंदाजे एवढं समजा."

काकांनी खिशातून व्हर्निअरची मापपट्टी काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या बोटांमधला गोल मोजला. बेचाळीस मिलीमीटर. मग कोपऱ्यात जाऊन वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली, तारीख घातली, मोठ्या कुत्र्यांसाठी किती वाढवावं याचा हिशेब मांडला. तेवढ्या वेळात डॉक्टरीणबाई काकूंना काहीतरी करून दाखवत होत्या. साहेबाचे मागचे पाय उचलत होत्या, पोटावर मूठ ठेवत होत्या. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना आकडा मिळाला होता.

पुढच्या आठवड्यात जुन्या कारखान्यातल्या दोस्ताकडून त्यांनी लेथवर पितळी रिंग करून आणली. नियम साधा. खाऊ रिंगमधून आरपार गेला तर रिजेक्ट. अडकला तर पास. नखाने दाबून चुरा होणारं बिस्किट असेल तर रिंगची गरज नाही. आणि नख अजिबात रुतत नसेल तर दात तुटेल, म्हणून तेही रिजेक्ट.

गोष्ट इमारतभर झाली. त्या इमारतीत साहेबाखेरीज आणखी सहा कुत्री होती. काकांनी सहा रिंगा करवल्या, प्रत्येक कुत्र्याच्या चणीप्रमाणे. त्यांवर नंबर ठोकले आणि प्रत्येक घरी स्वतः नेऊन दिल्या. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आपली रिंग शिलाई मशीनशेजारी खिळ्याला लावली. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं बँकेत कामाला होतं. त्यांचा कुत्रा भोपळा, नावासारखाच दिसायला. तो दिवसभर घरात एकटा असायचा.

"काका, फार मोठं काम केलंत," बँकवाल्याची बायको म्हणाली. "आता पास झालेलं हाड देऊन निघालं की कामात जीव लागतो."

काकांना आपली उंची दोन बोटं वाढल्यासारखं वाटलं. ते जिन्यावरून उतरताना कठड्याला न धरता उतरले.

त्या मंगळवारी दुपारी त्यांनी साहेबाला हाड दिलं. खरं हाड नव्हे. दाबलेल्या चामड्याचं, दुकानात मिळतं तसलं, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं. दोन्ही गाठी रिंगला लावून पाहिल्या. एकही गेली नाही. पास. साहेब हाड घेऊन टेबलाखाली गेला आणि काका गळका नळ खोलायला मोरीत गेले.

चारच्या सुमारास ते हात पुसत बाहेर आले. साहेब टेबलाखालून बाहेर आला होता. मान खाली, तोंड उघडं. पुढच्या पंजाने तोंड ओरबाडत होता. आवाज नव्हता. खोकला नाही, कण्हणं नाही, काही नाही. नुसतं पोट आत-बाहेर होत होतं. डोळे काकांवर लागले होते.

काकांचा हात रिंग टांगलेल्या खिळ्याकडे गेला. त्यांनी रिंग काढली. रिंग हातात धरून ते उभे राहिले.

"पास होतं," ते म्हणाले. "हाड पास होतं गं."

काकू स्वयंपाकघरातून आल्या. एकदाच पाहिलं. साहेबाचा जबडा उघडला, आत नजर टाकली, बोट घातलं नाही. "खोल आहे. ढकललं जाईल." मग त्या ओरडल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. काकूंचा तो आवाज काकांनी पहिल्यांदा ऐकला.

"रिंग टाका! मागचे पाय धरा! उचला वर! अजून वर!"

काकांनी पाय उचलले. साहेबाचं डोकं खाली लोंबलं. काकूंनी मागून कवेत घेतलं, फासळ्यांखाली मूठ ठेवली आणि आत-वर असा हिसका दिला. एक. दोन. तीन. चौथ्याला काहीतरी पांढरं सटकन उडालं आणि फ्रिजखाली गेलं. साहेबाने श्वास घेतला. गंजलेलं दार उघडावं तसा आवाज झाला. मग तो खोकला, काकूंचा हात चाटला आणि लगेच फ्रिजखाली नाक घालून तो तुकडा शोधू लागला.

काकू खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. काका भिंतीला टेकून उभे होते.

तरी घसा दाखवायला हवा होता. काकांनी साहेबाला उचललं आणि दोन गल्ल्या चालत नेलं. चौदा किलो. काकू सोबत होत्या. वाटेत त्यांनी एकदाही त्याला खाली ठेवलं नाही.

"जरा खरचटलंय. दोन दिवस मऊ खाऊ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशी, शाबास. तुम्ही नसतात तर हा गेला होता."

काकांनी टेबलावर तो तुकडा ठेवला. शेजारी रिंग ठेवली. तुकडा रिंगमधून टाकून दाखवला. तो पडला.

"दुपारी अडकत होता," ते म्हणाले.

"दुपारी कोरडा होता, काका. लाळेने मऊ झाला, गाठ सुटली, टोक तुटलं. चघळायच्या वस्तूचं माप दर घटकेला बदलतं."

काकांनी रिंग उचलून खिशात टाकली. एकतीस वर्षं त्यांनी भाग कारखान्याच्या दारात मोजला होता. दाराबाहेर गेल्यावर भाग झिजतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण झीज हा दुसऱ्या खात्याचा विषय होता. त्यांच्या खात्यात एकदा पास म्हणजे पास.

घराच्या जिन्यात काकू हळूच म्हणाल्या, "झालं ते झालं. वाचला ना? लोकांना काय सांगायचं ते सावकाश ठरवू. आज तुम्ही बसा जरा."

काका पहिल्या पायरीवरच थांबले.

"सहा रिंगा दिल्यात मी," ते म्हणाले. "माझ्या हाताने. नंबर ठोकून."

कारखान्यात एका गोष्टीला सगळे टरकायचे. बाहेर गेलेला माल चुकीचा निघाला म्हणून परत मागवणं. काकांच्या सहीचा एकही भाग कधी परत आला नव्हता. रिटायर होताना मोठ्या साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं, आणि काकांचे कान लाल झाले होते.

त्यांनी साहेबाला काकूंच्या हवाली केलं आणि शिंपीणबाईंचं दार वाजवलं.

"रिंग काढा. हाड असेल तर कुत्र्याच्या तोंडातून घ्या. माझं चुकलं."

शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कोणाचं चुकलं?"

"माझं."

"थांबा हो, भिंतीवर तारीख लिहून ठेवते," त्या म्हणाल्या. पण काकांचा चेहरा पाहून उठल्या आणि तडक कुत्र्याकडे गेल्या.

पहिला मजला झाला. दुसरा झाला. तिसऱ्या मजल्यावर बँकवाल्यांच्या दाराला कुलूप होतं. काका वळणार, तोच त्यांना आतून आवाज आला. कर्र. कर्र. चपक. पुन्हा कर्र. दाराच्या अगदी पलीकडे भोपळा हाड चावत होता. सकाळपासून. एकटा.

काकांनी बँकवाल्याला फोन लावला.

"निघालोय काका, रस्त्यातच आहोत," बँकवाला म्हणाला. "वीस मिनिटं. का हो?"

"वीस फार झाली," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी दारावर थाप मारली. कर्र थांबलं. भोपळा भुंकला. काकांनी हात थांबवला. भुंकणं थांबलं आणि कर्र सुरू झालं. काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भुंकणाऱ्याच्या तोंडात हाड नसतं.

ते जिन्यावरच्या फरशीवर पालथे पडले, दाराखालच्या फटीला तोंड लावलं आणि बोलू लागले.

"ए भोपळ्या! भुंक! लाज नाही वाटत? भुंक म्हणतो ना!"

भोपळा भुंकला. काका ओरडले. तो गुरगुरला. काका गुरगुरले. पाच मिनिटांत शिव्या संपल्या. मग काकांनी त्याला पंपाचे भाग सांगितले. सगळे, मापांसकट. भोपळा फटीला नाक लावून ऐकू लागला. मध्येच त्याची पावलं लांब गेली की काका आवाज चढवायचे आणि तो धावत परत यायचा.

आयुष्यात कामापुरतंच बोललेला माणूस. बोलायचं तरी किती? पंप संपले. तेव्हा काकांनी जे तोंडात आलं ते सांगितलं.

"ऐक. आज माझ्या हातून साहेब मरत होता. मी हाड मोजलं आणि नळ खोलायला गेलो. तो गुदमरत होता आणि मी रिंग धरून उभा होतो. तिने वाचवला. डॉक्टरीणबाई शिकवत होत्या तेव्हा मी आकडा लिहीत होतो, कळलं? आकडा! आणि वर तुम्हा सगळ्यांना वाटला. तुझी माणसं तुला माझ्या भरवशावर टाकून जातात, भोपळ्या. चघळणाऱ्याजवळ बसावं लागतं, एवढं साधं मला समजलं नाही. भुंक. भुंक रे बाळा."

"बाबा?"

मुलगी कामावरून आली होती. बाप फरशीवर पालथा पाहून तिने पिशवी टाकली. "छातीत दुखतंय का?"

"नाही. खाली झोप आणि बोल. माझा घसा बसलाय."

"काय बोलू?"

"काहीही. ऐकलंस का सगळं?"

"ऐकलं," ती म्हणाली. तिने क्षणभर डोळे मिटले. मग त्यांच्या शेजारी पालथी पडली. "साहेब कुठाय?"

"आईजवळ. बरा आहे. तू मला नंतर काय ते बोल. आत्ता याच्याशी बोल."

मुलीने भोपळ्याला गाणं म्हणून दाखवलं. ती बेसूर गायची. भोपळा गळा काढून रडू लागला. काकांनी मान डोलावली. हे सर्वांत बरं चाललं होतं.

मागे जिन्यावर माणसं जमली होती. शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. कोणी हसलं नाही. भोपळा जरा दमला की शिंपीणबाई वरून टाळ्या वाजवायच्या.

बँकवाले धावत आले. कुलूप उघडलं. भोपळ्याने काकांच्या तोंडावरच उडी घेतली. आत पायपुसण्यावर हाड पडलं होतं. एक गाठ गायब. दुसरी सुटून लोंबत होती, अंगठ्याएवढी.

बँकवाल्याच्या बायकोने ती उचलली. मग काकांकडे पाहिलं. काका कपडे झटकत उभे होते, मान खाली.

"पोरी, माझ्या रिंगेवर विसंबून तू याला..."

"काका," ती म्हणाली, "तुम्ही सांगायला आलात. आता देताना काय करायचं ते दाखवा."

तिने कपाटातून नवं हाड आणलं. काकांनी खिशात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. ते उंबऱ्यात मांडी घालून बसले. हाडाचं एक टोक मुठीत घट्ट धरलं, दुसरं भोपळ्यापुढे केलं. भोपळा मांडीवर डोकं टेकून चघळू लागला. लाळ काकांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली.

"असं," काका म्हणाले. "सोडायचं नाही. गाठ सैल झाली की गाजराचा तुकडा द्यायचा आणि हे काढून घ्यायचं. आणि एकटं असताना द्यायचंच नाही."

"आणि याला किती वेळ लागतो?"

"ते याला विचारा."

खालून काकूंचा आवाज आला. "अहो, येताय ना? सगळं गार होतंय!"

"तू जेवून घे," काका ओरडले. घोगऱ्या आवाजात ते जेमतेम खाली पोचलं. "माझा हात गुंतलाय."