‘अर्ज मिळाला’ म्हणणारं बटण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सरळच सांगणार आहे.

मी किन्हवलीत घरी बसून वेबसाइट बनवतो. काम मला चांगलं येतं, उगाच नम्रता कशाला? बटणांना ठरावीक वागणूक लावणारे जावास्क्रिप्ट कोडचे तुकडे मी एकदाच लिहून ठेवतो. मग कुठल्याही बटणाच्या कोडमध्ये एक शब्द टाकला, की ते बटण तसं वागतं. त्यातला ‘एकदाच’ हा माझा लाडका. माणसं घाईत दोनदा दाबतात ना? हा शब्द लावलेलं बटण पहिल्या दाबालाच बंद व्हायचं आणि ‘अर्ज मिळाला’ असं दाखवायचं.

मुरबाडकडच्या एका नर्सिंग संस्थेच्या प्रवेश अर्जाला मी तोच लावला.

वनिता डोळखांबकडच्या पाड्यातली, नुकतीच बारावी झालेली. तिनं तिथे अर्ज केलेला, पण प्रवेशाच्या यादीत नाव आलं नाही. संस्थेत अर्ज सापडेना, म्हणून त्यांनी तिला आणि तिच्या वडिलांना माझ्याकडे धाडलं.

“सर, मी मोबाइलवर बटण दाबलेलं. अर्ज मिळाला, असं आलेलं,” ती म्हणाली.

मी तिच्यासमोरच कोड उघडला. आणि दिसलं — अर्ज पोचला की नाही हे न बघताच माझं बटण ‘मिळाला’ म्हणत होतं. तिच्या पाड्यावर रेंज येते-जाते. मला ते कधी सुचलंच नव्हतं.

कबूल करायला काय लागलं असतं? एक फोन. जागा अजून भरायच्या होत्या. पण तोच तुकडा मी आणखी चार ठिकाणी दिला होता — आणि माझं नाव —

मी म्हणालो, “कोडमध्ये चूक नाही. तुझ्याकडूनच बटण दाबायचं राहिलं असेल.”

वडील तिच्यावर वैतागले. “येत नाय तर कोनाला इचारायचं ना गो.”

ती हळूच म्हणाली, “माझंच चुकलं असंल.”

मी मान डोलावली. हो — डोलावली.

ते गेल्यावर दहा मिनिटांत मी तुकडा दुरुस्त केला. संस्थेला कळवलं, अर्ज आलाच नव्हता. ते खरंही होतं — म्हणूनच तर वापरलं.

पुढच्या वर्षी संस्थेतल्या बाईंनी तिला ‘पुन्हा अर्ज कर’ म्हणून फोन केला. ‘मला फॉर्म भरायला जमत नाय,’ म्हणाली म्हणे. आता ती भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला जाते.

तिचं खरं होतं. मी तिला खोटं पाडलं — आणि तिला ते पटलं.