केव्हाही परत आणा

मार्लिस लाहतीच्या तळघरात भर जुलैतसुद्धा स्वेटर घालून उतरावं लागायचं. खाली तिचे चिंचिला असायचे, आणि चिंचिला हा थंड डोंगरातला, सशाच्या पिल्लाएवढा प्राणी. अंगावर लव इतकी दाट की पारा सत्तर फॅरनहाइटच्या वर गेला तर बिचारा आतल्या आत उकडून मरतो. म्हणून आर्वोने, म्हणजे मार्लिसच्या नवऱ्याने, त्या तळघराला दुहेरी भिंती घातल्या, खिडकीत यंत्र बसवलं, आणि दोघं नवराबायको वरच्या मजल्यावर उन्हाळाभर घामाघूम होत बसायची. माणसांना उकाडा आणि जनावरांना गारवा. त्या घराचा कारभार पहिल्यापासून असाच उलटा.

नऊ वर्षांपूर्वी आर्वो गेला, तेव्हा मी शेजाऱ्यांच्या रीतीप्रमाणे हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत शिजवलेल्या बटाटा-खिम्याचं, भांडं घेऊन तिच्याकडे गेले. भांडं ओट्यावर ठेवायचं, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं, एवढाच माझा बेत होता. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढून मी नुकतीच घरी बसले होते आणि मला कोणाच्याही कामात पडायचं नव्हतं. मार्लिस काळ्या कपड्यांत तळघराच्या जिन्यावर उभी होती. डोळे सुजलेले. मला बघून म्हणाली, "आर्डिस, बरी आलीस बाई. हा धर जरा. आज रविवार आहे."

आणि माझ्या हातात एक करडा गरम गोळा दिला. तेव्हापासून मी तो धरूनच आहे.

रविवारी वजन करायचं, हा तिचा नेम. चर्च चुकलं तरी चालेल, काटा चुकायचा नाही. चिंचिला आजारी पडला तरी दाखवत नाही, आणि लव एवढी फुगीर की आत हाडं राहिली तरी वरून गुबगुबीतच दिसतो. हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून स्वयंपाकाच्या काट्यावर लाकडी वाडगं, वाडग्यात प्राणी, आणि पिंजऱ्याच्या दारावर खडूने ग्रॅम. "लव थापा मारते, काटा मारत नाही," हे तिचं वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं की आता माझ्याच तोंडून निघतं.

हे प्राणी यायचे कुठून? पोरगी कॉलेजला निघाली. नवराबायकोचं फाटलं. वाढदिवसाला घेतला, मग कळलं की हा दिवसभर झोपतो आणि रात्रभर उड्या मारतो. एकाने शाम्पू लावून आंघोळ घातली होती, ती लव आतून कुजलेली. एका बाईने प्रेमाने मुठी मुठी बेदाणे चारून पोट बिघडवलं होतं. मला अशांना झाडूने हाकलावंसं वाटायचं. मार्लिस मात्र फक्त पिंजरा हातात घ्यायची आणि विचारायची, "नाव काय याचं?"

बावीस वर्षांत तिने तीनशेच्या वर चिंचिला बरे करून चांगल्या घरी दिले. देताना कागदावर सही घ्यायची. खोली किती गार, गवत कुठलं, आंघोळीची धूळ कुठली, सगळं त्यात होतं. आणि शेवटी तिच्या हाताने लिहिलेली एक ओळ: 'केव्हाही परत आणा. कारण विचारणार नाही.' पहिल्याच वर्षी एका घरच्यांनी परत द्यायच्या लाजेपायी एक चिंचिला नोव्हेंबरात रानात सोडून दिला होता. ती ओळ तेव्हापासूनची. पण हा प्राणी वीस वर्षं जगतो. ती ओळ लिहिताना मार्लिस पन्नाशीची होती, आणि पन्नाशीत माणसाला आपणही जन्मभर असेच राहू असं वाटतं.

गेल्या सप्टेंबरात डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो समोर धरला. चिंचिला पाण्याने नाही, धुळीने आंघोळ करतो. पिठासारखी बारीक राखेची धूळ वाडग्यात घालायची, तो आत शिरून गरागरा लोळतो आणि सगळी खोली धुरकट होते. बावीस वर्षं ती धूळ मार्लिसच्या छातीत बसत गेली होती. डॉक्टर म्हणाला, आणखी एक हिवाळा त्या तळघरात काढलात तर पुढचे हिवाळे ऑक्सिजनच्या नळीला बांधून काढाल. तिची मुलगी कारिन ॲरिझोनात असते. तिने फोनवर सांगून टाकलं, "आई, तू माझ्याकडे येतेयस. विषय संपला."

"बंद करीन गं," मार्लिस मला म्हणाली. "तीनच तर उरलेत खाली. त्यांना घरं मिळतील. पण दिलेल्या शब्दाचं काय?"

"कसला शब्द?"

"परत घेईन म्हटलंय. लेखी."

"मग लोकांना सांग की आता घेत नाही. दुकानं बंद होत नाहीत का जगात?"

"दुकानाचं वेगळं," ती म्हणाली आणि खोकत बसली.

शेवटी तिला वाटलं, प्रत्येकाला फोन करावा आणि शब्दातून मोकळं करा म्हणावं. गरज नसताना असली परवानगी मागायला जाणारी माणसं जगात एकाच घरात असतात, आणि मी त्या घराच्या शेजारी राहते. ऑक्टोबरचे दोन आठवडे आम्ही तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेलेल्यांची नावं-नंबर लिहिलेल्या कार्डांचा खोका घेऊन बसलो. ती फोन करायची, मी कार्डं काढायची. ओट्याशेजारच्या पिंजऱ्यात टोइवो झोपलेला असायचा. टोइवो तिचा स्वतःचा, सतरा वर्षांचा, एक कान फाटलेला, आर्वोच्या खांद्यावर बसून मोठा झालेला.

बरेच प्राणी मेले होते. बरेच नंबर बंद होते. अडतीस जिवंत सापडले. त्यांच्या लोकांना मार्लिस तेच वाक्य म्हणायची, "नाताळनंतर मला परत घेता येणार नाही, तेवढं समजून घ्या." बहुतेक म्हणाले, अहो काळजी करू नका, तब्येतीला जपा. मला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात एकजण म्हणाला, "म्हणजे आत्ता घेताय ना अजून?"

झालं. जे आजवर कसेबसे सांभाळत होते, त्यांना दार बंद होतंय म्हटल्यावर दार आठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तळघरात तीनाचे तेरा झाले.

गॉर्डी नावाचा ट्रक चालवणारा आडदांड माणूस दारात आला. हातातल्या पिंजऱ्यात म्हातारी चिंचिला. "मी महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो," तो सांगत होता, "आणि बायको आता..."

"कारण नको सांगूस," मार्लिस म्हणाली. "आज खाल्लंय का हिने?"

तो दारातच रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. मला कोणाचीच दया येत नव्हती. माझे गुडघे दुखत होते, अंगाला गवत टोचत होतं आणि तेरा पिंजऱ्यांतल्या लेंड्या मी झाडत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तर मार्लिस तळघराच्या जिन्यावर बसलेली. मांडीवर धुळीचं वाडगं, ओठ निळसर, तोंडाने श्वास. दोन मिनिटं तिला बोलता येईना.

"मरायचंय का तुला?" मी ओरडले.

"मरायला... वेळ कुठे आहे," ती म्हणाली. "सात जणांची... आंघोळ राहिलीय."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दे ते वाडगं! सगळे माझ्याकडे घेऊन जाते. पुढचेही माझ्याकडेच येऊ देत. झालं समाधान? आता मोकळी झालीस?"

"तुझ्या घरात लाकडाची शेगडी आहे."

"उत्तरेच्या खोलीत नाहीये. तिथे माझ्या आंघोळीचा टॉवेलसुद्धा गोठतो."

"तोंडावर फडकं बांधशील? खिडकी उघडून आंघोळ घालशील?"

"बांधीन, उघडीन! ऊठ आता."

लोक मला आता चांगली म्हणतात. मी रागाच्या भरात बोलले एवढंच खरं आहे. रागात बोललेलं निस्तरावं लागतं म्हणून तेरा पिंजरे बर्फातून रस्ता ओलांडून माझ्या घरी आले. मार्लिस खिडकीच्या काचेआडून बघत होती आणि मी पिंजरा तिरका धरला की काचेवर टकटक करत होती.

टोइवो राहिला. "तो माझा आहे," ती म्हणाली. "त्याचं काय ते मी बघेन." पण त्यालाही धूळ लागतेच, आणि ॲरिझोनात मे महिन्यापासून जो उन्हाळा पडतो त्यात वीज तासभर गेली तरी तो मेला असता. कारिन हे सांगायला धजेना. मलाही धीर झाला नाही. मार्लिसपुढे आम्ही दोघी त्याच्याविषयी बोलायचंच टाळत होतो.

जानेवारीत निघायच्या दिवशी सकाळी माझी घंटा वाजली. मार्लिस दारात उभी, हातात छोटा पिंजरा. मागे कारिन गाडी चालू ठेवून बसलेली. मार्लिसने आत पाऊल टाकलं नाही. इतकी वर्षं लोक तिच्या पायरीवर जसे उभे राहायचे तशी ती माझ्या पायरीवर उभी राहिली, मान खाली घालून.

"मी याला ठेवू शकत नाही," ती म्हणाली. "मला वाटलं होतं जमेल. मी खरंच प्रयत्न..."

मी पिंजरा हातात घेतला. तिने हातमोजा काढून टोइवोचा फाटका कान चिमटीत धरला, सोडला, आणि बर्फावरून सावकाश गाडीकडे गेली. मागे वळून बघितलं नाही. मी दारात उभी राहून रडले, आणि घरात थंडी शिरली म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

त्यानंतर दर रविवारी दुपारी फोन. तिचा श्वास आठवड्याआठवड्याला मोकळा ऐकू यायला लागला. ती एकेकाचं नाव घेणार, मी आकडा सांगणार. गॉर्डीची म्हातारी सहाशे दहा. कोणाला घर मिळालं, तेही. शेवटी जरा थांबून, "आणि तो?"

"पाचशे चाळीस."

"बरं. ठेवते."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी टोइवो गेला. सकाळी बघितलं तर गवतात कुशीवर होता, त्रास झाल्यासारखा दिसत नव्हता. आमच्याकडे मेपर्यंत जमिनीत कुदळ शिरत नाही. मी त्याला मार्लिसने पिंजऱ्यात घालून दिलेल्या आर्वोच्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये ठेवलं, जंगली तांदळाच्या पिशव्यांशेजारी. रविवारी फोन आला. मी सांगणारच होते. पण ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली होती, कारिनबरोबर टेकडीपर्यंत चालून आले म्हणाली. मग विचारलं, "आणि तो?"

"पाचशे बेचाळीस," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी पंचेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी अठ्ठेचाळीस. मला वाटलं, वाढता आकडा ऐकून तिला बरं वाटेल.

चौथ्या रविवारी मी पाचशे पन्नास म्हटलं.

"आर्डिस," ती म्हणाली, "सतरा वर्षांचा म्हातारा हिवाळ्यात वजन वाढवत नाही."

ती रडत होती की नुसता श्वास घेत होती, ते कळलं नाही.

"पुढच्या रविवारपासून थोडं थोडं कमी सांगत जा," ती म्हणाली. "मला एकदम नको."