यमुनाबाईचं मत

नायब तहसीलदार गुंडेराव नामिबियाला निघाले, तेव्हा ते गाव अफजलपूरच्या अलीकडे की पलीकडे, असं कचेरीतल्या शिपायाने विचारलं होतं. साल १९८९. आफ्रिकेतला तो देश स्वतंत्र व्हायच्या बेतात होता. तिथली पहिली खरी निवडणूक पार पाडायला देशोदेशींची जाणती माणसं मदतीला मागवली होती. बिदर जिल्ह्यातून गुंडेरावांचं नाव गेलं. तेहतीस वर्षं त्यांनी मतदारयाद्या केल्या होत्या आणि सेवापुस्तकात पहिल्याच वर्षीची एक शाबासकी होती. खरं तर त्या शाबासकीपायी त्यांना तेव्हाच घरी बसवायला हवं होतं.

ती शाबासकी १९५६ची. गुंडेराव चोवीस वर्षांचे, नवे कारकून, नोकरी अजून कायम न झालेली. हैदराबाद राज्य मोडून जिल्हा म्हैसूरकडे जायचा होता आणि याद्या नव्याने करायच्या होत्या. हुकूम होता की बाईचं स्वतःचं नाव लिहा. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असं असेल तर गाळून टाका. हुकूम काढणारा आमच्या भागात कधी पायी फिरलेला नसावा. खटकचिंचोळीजवळच्या एका वाडीत गुंडेराव दारोदार हिंडले. परक्या पुरुषाला बाई आपलं नाव सांगेना. नवऱ्याचं नाव तर ओठावरसुद्धा आणेना.

"नाव सांगा, अक्का," गुंडेराव म्हणत.

"आमचं नाव कामून इचारायलाव? घरचे रानात गेलेत. आल्यावर इचारा."

ऊन उतरलं तरी चाळीस बायका बिननावाच्याच. एवढ्या सगळ्या गाळायच्या म्हणजे वाडीतल्या बायकांचं मतच पुसायचं. गुंडेरावांना दया आली आणि कंटाळाही आला. दोन्हींपैकी जास्त काय आलं होतं, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही. लिंबाखाली बसून त्यांनी नावं ठेवली. गंगाबाई, यमुनाबाई, कृष्णाबाई, भीमाबाई. नद्या सरल्यावर फुलं घेतली. नवऱ्यांची नावं मात्र शेजाऱ्यांना विचारून बरोबर लिहिली. तालुक्यात एकही बाई गळाली नाही अशी ती एकच वाडी. साहेब खूश झाले.

पुढच्या वर्षी मतदान. त्याच वाडीच्या शाळेत गुंडेराव यादी घेऊन बसले होते आणि शेजारी केंद्राचे अधिकारी सिद्धलिंगप्पा.  पक्षाच्या माणसांनी यादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून घरोघर पढवून ठेवलं होतं, त्यामुळे बायका पदराआडून 'गंगाबाई', 'शेवंताबाई' म्हणत, बोटाला शाई लावून घेत आणि हसत बाहेर पडत. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं.

मग सत्यभामाबाई आली. वय सव्वीस-सत्तावीस, कपाळ रिकामं. हैदराबादच्या लढ्यात अठ्ठेचाळीस साली तिचा नवरा मारला गेला होता. कशासाठी मेला, असं तिने दिराला विचारलं होतं, तेव्हा दीर म्हणाला होता, आपलं राज्य यावं, आपण मत टाकावं, म्हणून. तेवढं एक ती धरून बसली होती. कागद पेटीत टाकायचा, एकदाच का होईना.

"नाव?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

"सत्यभामा."

"नवऱ्याचं?"

ती थांबली. जिवंतपणी घेतलं नव्हतं, मेल्यावर तर नाहीच. तिने डोळे मिटले आणि चारचौघांत म्हणाली, "श्रीपतराव."

सिद्धलिंगप्पांनी यादीवर बोट ठेवलं. "श्रीपतरावांची बायको यमुनाबाई आहे. तू कोण?"

"मीच वो. दुसरी कोण असंल?"

दारातून कुणीतरी ओरडलं, "यमुना म्हण अन् जा की आत!"

"मी न्हाई यमुना. नाव सांगितलं न्हाई म्हणून काय दुसरं ठेवायलाव? त्येंचं नाव घेतलं म्या आज. खोटं बोलू व्हय त्येच्यापुढं?"

सिद्धलिंगप्पा गोंधळले. त्यांनी गुंडेरावांकडे पाहिलं. लेखनातली चूक असेल आणि माणूस ओळखीचं असेल तर मत देऊ द्यावं, हा नियम गुंडेरावांना पाठ होता. "चूक माझी आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण मग एक चूक कशी, चाळीस निघाल्या असत्या. नोकरी कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते. गुंडेराव खाली मान घालून शाईच्या बाटलीचं बूच फिरवत राहिले. ती बाई मतदान संपेपर्यंत शाळेच्या पायरीवर बसून होती.

नाव दुरुस्त करायला एक साधा अर्ज पुरला असता. पण त्यावर तिची निशाणी हवी, म्हणजे तिच्या दारात जायला हवं. गुंडेराव गेले नाहीत. बासष्टच्या निवडणुकीनंतर वाडीची यादी परत आली, तेव्हा यमुनाबाईपुढे मत दिल्याची खूण होती. शेवटी टाकलं बिचारीने, असं म्हणून ते त्या दिवशी पोटभर जेवले. पुढे दर निवडणुकीला ते ती खूण आधी बघत. दर वेळी ती असे.

नामिबियात ते नावनोंदणीवर देखरेख करत होते. माळावर एक तंबू, बाहेर रांग. एका म्हातारीने आपलं लांबलचक नाव सांगितलं. दमलेल्या कारकुनाने लिहिलं, 'मारिया'. गुंडेरावांनी दुभाष्याकडून विचारलं, हे काय? कारकून हसून म्हणाला, म्हाताऱ्यांना कळत नाही, मारिया चालून जातं. गुंडेरावांनी त्याच्यापुढची वही ओढून घेतली. सकाळपासून सतरा मारिया झाल्या होत्या. ज्या निघून गेल्या होत्या त्यांच्या मागे त्यांनी जीप पळवली आणि प्रत्येकीला वाटेत गाठून खरं नाव लिहून घेतलं. ह्याचीही शाबासकी मिळाली. ते पत्र त्यांनी घरात कुणाला दाखवलं नाही.

परत आल्यावर आठव्या दिवशी ते अर्ज घेऊन वाडीत गेले. सत्यभामाबाई अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले होते. गुंडेरावांनी सगळं सांगितलं. लिंबाखालची नावं, शाळेतलं गप्प बसणं. ती सूप न थांबवता ऐकत होती.

"तरी बरं," गुंडेराव म्हणाले, "तुम्ही पुढं मत देत राहिलात."

सूप थांबलं. "कोन? म्या त्या दिसापासून शाळंची पायरी चढले न्हाई."

"पण खूण असते, अक्का. दर वेळेला."

"ती व्हय? पाटलाच्या घरची येक बाई जात्याय यमुना बनून. पयली मेली, आता तिची सून जायलीय. समद्या वाडीला ठावं हाय. तुमाला न्हाई?"

 गुंडेरावांनी अंगणातच खाली बसून अर्ज पुढे केला. "इथं अंगठा करा. फक्त नाव सांगा. तुमचं आणि... त्यांचं."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"त्येंचं नाव येकदा घेतलं, अण्णा. चार मानसांत घेतलं. तुमी हुताव तिथं." तिने सूप पुन्हा उचललं. "आता न्हाई घेत."

किती विनवलं तरी तिने अंगठा दिला नाही. गुंडेरावांनी मग स्वतःच्या सहीने कबुलीजबाब लिहिला, छप्पन सालचं सगळं, आणि वरच्या कचेरीत दिला. निवृत्तीच्या आठवड्यात उत्तर आलं. तक्रार मतदाराची नाही. शिवाय श्रीमती यमुनाबाई श्रीपतराव यांनी प्रत्येक निवडणुकीत मतदान केल्याची नोंद आहे, सबब नाव बरोबर आहे.