शर्यतीच्या वाटेवर सासुरवाडी

मी पोटासाठी सायकल चालवत असे. आज हे वाक्य सरळ लिहिता येतं. त्या काळी, म्हणजे स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील तेव्हा, जळगावात ते कुणाला पटवून देणं हे सायकल चालवण्यापेक्षा जास्त दमवणारं काम होतं. सायकलीवर दूध घालणारे होते, तारा वाटणारे होते, शाळेत जाणारे मास्तर होते. ते सगळे कुठेतरी पोचत. मी मात्र पहाटे घरून निघायचो, जीव खाऊन एरंडोल गाठायचो, तिथे सायकल वळवायचो आणि घामाघूम होऊन पुन्हा घरी यायचो.

"कुठे गेला होतास?"

"एरंडोलला."

"काय काम होतं?"

"काही नाही."

"मग?"

या "मग?"चं उत्तर मला कधीच देता आलं नाही. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र ते आधीच लिहिलेलं असायचं. मुलगा चांगल्या घरचा आहे, पण डोक्यात काहीतरी फरक पडला आहे.

एवढा धडधाकट माणूस रिकामा फिरतो तर त्याला निदान कामाला लावावं, असं आमच्या लोकांचं प्रामाणिक मत होतं. एखाद्या दिवशी उलट्या दिशेला, असोद्याच्या रस्त्याला लागलो की कुणीतरी हात करायचं. "तसाही चाललाच आहेस, तर एवढं मावशीकडे टाक." हे "एवढं" म्हणजे कधी टोपलीभर भरताची वांगी, कधी केळीचा घड, आणि एकदा तर पाय बांधलेली जिवंत कोंबडी. ती हँडलला उलटी लटकून साऱ्या रस्ताभर ओरडत होती. तिचं ओरडणं लवकर थांबावं म्हणून मी त्या दिवशी जो वेग काढला, तो नंतर फारच थोड्या शर्यतींत निघाला.

पगार देणारे आमचे शेठ. त्यांचं सायकलचं दुकान होतं. विक्री, भाडं, दुरुस्ती असं सगळं चाले. धरणगावला, चाळीसगावला, धुळ्याला कुठे ना कुठे सायकलींच्या शर्यती व्हायच्या. आपल्या दुकानाची गाडी पहिली आली की चार लोक ती विकत घ्यायला येतात, हे शेठच्या ध्यानात आलं होतं. तेव्हा दुकानातल्या इतरांनी पंक्चर काढायचं आणि मी पहिला नंबर काढायचा, अशी कामाची वाटणी झाली. माझ्या गाडीचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं उतरवलेलं. हँडल उलटं बसवलेलं. शेठ तिला "रेसची गाडी" म्हणत. आमच्या आळीचं म्हणणं होतं की चोरांनी सायकल नेताना जेवढी मागे ठेवली तेवढीच ही आहे.

अशा माणसाचं लग्न जमलं हेच नवल. मध्यस्थाने मुलीकडे सांगितलं, "मुलगा जळगावला सायकलच्या दुकानात आहे." तो खोटं बोलला नाही. मुलीच्या वडिलांना सारं गाव आबा म्हणे. कापूसवाला शेतकरी, शब्दाचा पक्का, रागाचाही पक्का. त्यांचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, जळगाव-धुळे रस्त्याला अगदी लागून. जावई दुकानात बसत नाही, अर्धी चड्डी घालून रस्त्यावर सायकल पळवतो, हे त्यांना लग्नानंतर दोन महिन्यांनी कळलं. त्यांना वाटलं आपल्याला फसवलं.

तेवढ्यात अखाजी आली. आमच्या खानदेशात दिवाळी राहिली तर चालेल, पण अखाजीला लेक माहेरी गेलीच पाहिजे. अक्षय्य तृतीयेच्या आधी पंधरा दिवस मेहुणा आला आणि बहिणीला घेऊन गेला. जाताना खाली मान घालून त्याने वडिलांचा निरोप सांगितला. आबांनी ओळखीने कापसाच्या जिनिंग कारखान्यात माझ्यासाठी मुकादमाची जागा धरून ठेवली आहे. ती घेतली तर अखाजीनंतर मुलगी न्यायला यावं. सायकलच पळवायची असेल तर येऊ नये, मुलगी तिकडेच राहील.

बायको आत ट्रंक भरत होती. तिने हे ऐकलं असणार. पण तिला काय वाटतं ते मी विचारलं नाही. नवीन लग्न, माणसांनी भरलेलं घर, दिवसभरात आमचं बोलणं व्हायचं ते पाणी मागण्यापुरतं. तिला माझ्या धंद्याची लाज वाटत असावी असं मी आपलं धरून चाललो होतो. ती गेली आणि घर मला एकदम नको झालं. दोन महिन्यांत इतकी सवय होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी जळगाव ते धुळे अशी मोठी शर्यत ठरली, आणि तीही नेमकी अखाजीच्या दिवशी. सणाला बैलगाड्या बाहेर पडत नाहीत, रस्ता मोकळा मिळतो, हा शेठ लोकांचा हिशेब. माझा हिशेब वेगळा होता. शर्यत सासऱ्यांच्या दारावरून जाणार होती. साऱ्या गावासमोरून, सगळ्यांच्या पुढे, मी वाऱ्यासारखा निघून जायचं. आबा बघतील, गाव टाळ्या वाजवेल, जिनिंगचा विषय आपोआप मिटेल. इतका सोपा बेत मी आयुष्यात दुसरा केला नाही.

उजाडताच शर्यत सुटली. एरंडोल मागे पडलं तेव्हा पुढे आम्ही दोघेच होतो. मी, आणि माझ्या मागच्या चाकाला चिकटलेला धुळ्याचा एक तारवाला. तो रोज तारा वाटायचा, त्यामुळे पाय तयार होते. त्या दिवशी माझे पाय त्याच्यापेक्षा बरे चालले होते. डांबर संपून खडी लागली तसा तो दहा-वीस हात मागे पडला.

सासुरवाडीची कडुलिंबाची झाडं दिसू लागली. झाडांना अखाजीचे झोके बांधलेले, त्यांवर माहेरवाशिणी. रस्त्यावर ही गर्दी! माझी छाती फुगली. शर्यत बघायला गाव लोटलं आहे असं वाटून मी आणखी जोर केला. जवळ गेल्यावर डफ ऐकू आला. आणखी जवळ गेल्यावर रस्त्याच्या मधोमध रांगोळी दिसली. रांगोळीत पाट. पाटाजवळ ताम्हन घेतलेल्या सासूबाई. आणि पाटाच्या पुढे, नवा फेटा बांधून, हात जोडून उभे असलेले आबा.

जावयाची पहिली अखाजी! तो सासुरवाडीवरून चालला आहे असं गावाला कळलं होतं. कशासाठी चालला आहे, किती घाईत चालला आहे, याची चौकशी करण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. पहिल्या अखाजीचा जावई औक्षणाशिवाय गावावरून पुढे गेला, तर त्या गावाने पुन्हा तोंड कुठे दाखवायचं?

पाटाच्या डाव्या अंगाने एक सायकल जाईल एवढी वाट होती. मी ती बघितली. त्या वाटेने गेलो असतो तर नंबर माझाच होता. पण साऱ्या गावासमोर जोडलेले हात तसेच ठेवून गेलो, तर आबा पुढच्या सात जन्मांत मुलगी पाठवणार नाहीत, हेही दिसत होतं. मी ब्रेक दाबला. त्याच डाव्या अंगाने तारवाला निघून गेला. जाताना त्याने मागे वळून ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. बिचाऱ्याला दया आली होती.

"आबा, शर्यत आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"शर्यत काय पळी जाई राह्यनी का? बठा!" आबा म्हणाले. "पयली अखाजी शे. गाव वलांडीसन तसंच जाऊ देसू का तुमले?"

शर्यत खरोखरच पळून चालली होती, पण बोलायची सोय नव्हती. आधी माझी अर्धी चड्डी गावाच्या डोळ्यांत आली. बायकांनी माना फिरवल्या. कुणीतरी धावत जाऊन धोतर आणलं आणि ते माझ्या कमरेला गुंडाळून मला माणसांत घेतलं. पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं, टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. मग ताट आलं. खापरावरचे मांडे आणि वाडगाभर आमरस. एक मांडा पसरला तर त्यात लहान मूल निजेल एवढा. सासूबाईंना मी "नको" म्हणालो. जावयाचं "नको" म्हणजे "लाजतो आहे" असा आमच्याकडे अर्थ असल्यामुळे दुसरा मांडा आला.

दरम्यान बाकीचे स्पर्धक एकेक करून जाऊ लागले. आबा त्यांना माझ्याबरोबर आलेली मंडळी समजत होते.

"ह्या कसा सोबती शेतस तुमना?" सगळे मला टाकून निघून गेले म्हणून ते मनापासून दुखावले. "तुमले टाकीसन बठ्ठा चालना गयात!"

पाण्याचा तांब्या घेऊन बायको आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. तिने तांब्या ठेवला तो जरा आदळूनच. चार माणसांत लाजली असेल, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

हात धुतल्यावर आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पोर परवा मी सोता लई येसू," ते म्हणाले. जिनिंगचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. ज्याच्यासाठी मी पहिला येणार होतो ते मला पाटावर बसून मिळालं होतं.

पोटात दोन मांडे घेऊन सायकल चालवणं कसं असतं ते मी सांगत नाही. कुणाला करून बघायचं असेल त्याने आपल्या जबाबदारीवर बघावं. टोपी काढली तर ठेवायला जागा नव्हती म्हणून ती डोक्यावर, टॉवेल गळ्यात, नारळ सदऱ्याच्या आत. पारोळ्याच्या पुढे मी एकाला मागे टाकलं. त्याची साखळी तुटली होती आणि तो चालत होता. धुळ्यात शिरलो तेव्हा तारवाल्याच्या गळ्यात हार पडून बराच वेळ झाला होता आणि लोक घरी निघाले होते. कपाळावर कुंकू, डोक्यावर नवी टोपी, असा मी पोचलो तेव्हा एका म्हाताऱ्याने मला वाट करून दिली आणि लग्न कुठे आहे ते विचारलं.

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "बक्षीस वाटेतच घेऊन आलास वाटतं," ते म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती, पण ते पोट धरून हसले. तेही कुणाचे तरी जावई होते.

बोलल्याप्रमाणे आबा दोन दिवसांनी आले. आंब्यांची टोपली आणि मुलगी घेऊन आले. येताना आमच्या आळीत दिसेल त्याला थांबवून त्यांनी सांगितलं की जावयाने मानासाठी शर्यत सोडली, असा जावई मिळायला भाग्य लागतं. माझ्या घरचे खूश, आळी खूश. मला वेडा समजणारे लोक त्या दिवशी पहिल्यांदा मला शहाणा म्हणाले.

फक्त बायको बोलेना. चहा पुढे सरकवायची, ताट वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. दोन दिवस मी माहेरच्या आठवणीवर टाकले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. ती वाढत होती. मी जरा लाडात येऊन म्हणालो, "एवढी शर्यत सोडली, ती कुणासाठी? तुझ्यासाठीच ना?"

तिने पळी भांड्यात टाकली.

"मनासाठे?" ती म्हणाली. "मी झोकावर उभी व्हतू. दूरथीन बठ्ठास्ना पुढे तुमनी गाडी दिसनी. मी आरडीसन पोरीस्ले सांगं, देखा, तो पयला शे ना, तो मना! अन तुम्ही उतरी पडनात!"

मी म्हणालो, "मग काय करायचं होतं? न थांबता गेलो असतो तर आबांनी तुला पाठवली असती का?"

"आबास्नी समजूत काढाले मी व्हतू," ती म्हणाली. "तुमना नंबर काढाले तुमनाशिवाय कोन व्हतं?"

आणि ती रडू लागली. सासरी आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. माहेर सोडतानाही तिने डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. ती माझ्या हुकलेल्या नंबरासाठी रडत होती. सगळ्या खानदेशात माझ्या कामाला काम समजणारं माणूस एकच होतं. ते माझ्याच चुलीपाशी बसलेलं होतं, आणि त्याला मिळवण्यासाठी म्हणून मी त्याच्याच डोळ्यांदेखत सायकलीवरून उतरलो होतो. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर इतका आनंदही मला कुठल्या पहिल्या नंबराने दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी बाहेर काढली. चाकात हवा भरत होतो तेवढ्यात ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. डोळे अजून सुजलेले होते.

"आज कोठे उतरानं नही," ती म्हणाली.

मी पाय मारला. आळीच्या टोकाला कुणीतरी हात केला, हाक मारली. कोण होतं ते मी वळून पाहिलं नाही.