पूजेला मांडलेला सिंथ

त्या खंडेनवमीबद्दल मी बाबांना अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या बाळकुमच्या घरात माझ्या यंत्रांना ते पहिल्यापासून ‘डबडी’ म्हणायचे. कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने नवा जपानी कीबोर्ड घेतला, तेव्हा त्याचा जुना सिंथेसायझर, म्हणजे सिंथ, आणि सीक्वेन्सर मी माझ्या कमाईतून घेतला होता. सीक्वेन्सर म्हणजे एक पेटी. तिच्यात एकेक स्वर भरत जायचं, मग ती तीच ओळ सिंथकडून न थकता वाजवून घेते. सिंथमध्ये तयार आवाज नव्हतेच. नॉब फिरवून फिरवून आवाज घडवायचा, आणि नॉब हलला की तो गेला. पेटीतलं तर वीज असेपर्यंतच टिकायचं. कॅसेटवर उतरवून घ्यायची सोय होती, पण माझ्या नशिबी आलेल्या पेटीत नेमकी तीच बिघडलेली. हे सगळं मी घरात रोज सांगायचे. ‘बटणाला हात लावू नका.’ सगळे ‘बरं’ म्हणायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या एका कॅसेटवाल्याला मी चाल ऐकवणार होते. हळदीच्या गाण्यांची कॅसेट होती. चाल पसंत पडली तर कव्हरवर ‘संगीत’ या शब्दापुढे माझं नाव येणार होतं. तोवर मी ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांच्या चाली वाजवत होते, आणि निवेदक ‘कीबोर्डवर आमच्या ताई’ एवढ्यावर मला उरकायचा. ही माझी पहिली स्वतःची चाल. हळदीचा ठेका नाचवतो, ते ठीकच आहे. मला त्याच्याखाली एक खर्ज हवा होता, ठेक्याच्या जरासा मागे राहणारा, नवरीला पाटावर बसायचंच नाहीये असा. तो सापडायला अख्खं नवरात्र गेलं. पेटी चालूच ठेवली होती. वीज जाईल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. वीज गेली नाही.

खंडेनवमीला आईने मला झेंडू आणायला जांभळी नाक्यावर पाठवलं. परत आले तर चौरंगावर बाबांचे पाने, हातोडी, व्हर्नियर आणि शेजारी माझा सिंथ आणि माझी पेटी. दोन्हींना हळदकुंकू लावलेलं, अक्षता पट्ट्यांच्या फटीत शिरलेल्या. वायरी गुंडाळून नीट बांधून ठेवलेल्या.

बाबा भलतेच खूश होते. “बघ, यंदा तुझीपण हत्यारं मांडली. आज हत्याराला विश्रांती द्यायची असते ना, म्हणून बंद केलं. आणि धूळ किती होती गं!”

धूळ एका कणाची ठेवली नव्हती. वर फिटरच्या शिस्तीने सगळे नॉब सरळ करून एका रांगेत लावले होते. एकही वाकडा नाही.

मी ओरडले. “बाबा, तुम्ही माझी चाल घालवलीत!”

“अगं, मशीन इथेच तर आहे. उद्या कर चालू.”

“बंद केलं की त्यात काही राहत नाही! रोज सांगत होते मी!”

“सणाच्या दिवशी बापावर ओरडतात का?” आई म्हणाली. “इतक्या मानाने मांडलंय त्यांनी. आधी नमस्कार कर.”

नमस्कार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबडी म्हणत होते तेव्हा निदान कोणी हात तरी लावत नव्हतं. मान मिळाला आणि विचारायचंच बंद झालं. आमच्याकडे मान देतात तो असाच. चौरंगावर बसवायचं, कुंकू लावायचं आणि तोंड उघडलं की सण बिघडवला म्हणायचं. घरातल्या बायकांच्या बाबतीत मी हे आयुष्यभर पाहत आले. त्या दिवशी यंत्रांनाही सोडलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी पुन्हा बसले. ठेका आला, स्वरही बरेचसे आठवले. तो रेंगाळणारा खर्ज काही आला नाही. जिथे उशीर हवा होता तिथे नुसती चूक ऐकू येत होती. नौपाड्यात मी शेवटी एक उडती, कुणाचीही असेल अशी चाल वाजवली. कॅसेटवाला म्हणाला, “झकास! पब्लिक नाचणार.”

कॅसेट निघाली. नाव छापून आलं. लग्नसराईत ठाण्यापासून कल्याणपर्यंत मांडवामांडवात ती वाजली. घरी येईल त्याला बाबा ती ऐकवायचे, कव्हरवरचं माझं नाव बोटाने दाखवायचे. एकदा आत्या आली होती. मी चहा घेऊन बाहेर आले, तर ते तिला सांगत होते, “हिची मशीन पूजेला मांडली होती ना, त्याचाच गुण हा.”

मी कप खाली ठेवले. “ती चाल ही नव्हे,” मी म्हणाले. “ती तुम्ही घालवलीत.”

बाबा हसले. “कलाकारांना स्वतःचं कधी पसंत पडतं का?” असं आत्याला म्हणाले, आणि त्यांनी कॅसेट मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून लावली.