चेंडू नसलेला माणूस

संग्राम मगदूम मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचा डावा हात खांद्यातून निखळून लोंबत होता.

दुबईच्या बाहेर, वाळूत, पाणी मारून हिरवी ठेवलेली रग्बीची मैदानं आहेत. तिथल्या शनिवारच्या सामन्यांना मी फिजिओ म्हणून बसायची. आठवडाभर ऊद मेथामधल्या माझ्या क्लिनिकमध्ये शाळेतल्या बाईंचे गुडघे आणि ऑफिसवाल्यांच्या माना, आणि शनिवारी हे. त्या दिवशी मी आईशी फोनवर बोलत होते. समोर गवत आणि रक्तानं माखलेला एक सव्वासहा फुटी माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मराठी हाय न्हवं तुमी? मग जरा हात बसवा की. धाच मिन्टं उरल्यात."

"एक्स-रे काढल्याशिवाय मी हात लावणार नाही. हॉस्पिटलला जायचं," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. गोलपोस्टच्या खांबापाशी गेला, डाव्या हातानं खांब धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. खांदा जागेवर बसल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मग तो मैदानात परत गेला आणि पहिल्याच टॅकलमध्ये समोरच्या न्यूझीलंडवाल्याच्या दोन बरगड्या मोडल्या. सामना संपल्यावर त्याच माणसाला काखेत आधार देऊन माझ्याकडे घेऊन आला. "ह्याला बघा आदी," म्हणाला. "लई जोरात लागलंय."

संग्राम कागलचा. तिकडे शाळेतल्या एका मास्तरांनी पोरांना रग्बी लावली होती आणि हा राज्याच्या संघापर्यंत गेला होता. पण त्यावर पोट भरत नाही, म्हणून एकविसाव्या वर्षी परांची बांधायच्या कामावर शारजाला आला. रोल्लाच्या एका खोलीत आठ जण. वर्षभरानं त्यांच्या कंपनीला रग्बी क्लबच्या प्रेक्षागॅलरीचं काम मिळालं. जेवणाच्या सुट्टीत समोर सराव चालला होता, एक गडी कमी होता. संग्राम सेफ्टी बूट घालूनच उतरला आणि त्यानं कप्तानाला उताणा पाडला. सहा महिन्यांनी त्याच्या व्हिसावर परांचीवाल्याच्या जागी खेळाडू असं आलं. पुढं लग्न झालं, बायको रुपाली इकडे आली, रोल्लामध्येच दोघांची खोली झाली, ती घरातून डबे करायला लागली. तो सात वर्षं खेळला. नाक तीनदा मोडलं, मार खाऊन एक कान सुजला तो कोबीच्या गड्ड्यासारखाच राहिला.

एकोणतिसाव्या वर्षी क्लबनं त्याच्या जागेवर बावीस वर्षांचा एक फिजीचा मुलगा आणला. संग्रामला काढलं नाही, बाकावर बसवलं.

"बाकावर बसलो की हात कुठं ठेवावं त्येच कळंना," तो मला म्हणाला.

त्याच हिवाळ्यात त्याला डेल भेटला. डेल साठीचा अमेरिकन, आठवडाभर तेलाच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर, आणि रविवारी इथल्या हौशी अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या एका संघाचा कोच. मार्चमध्ये अबू धाबीला चाचणी होणार होती. अमेरिकेतली माणसं येऊन परदेशी खेळाडू निवडणार, निवडलेल्यांना दहा आठवडे तिकडे शिकवणार, आणि त्यातून एखाद्याला व्यावसायिक संघात घेणार. डेलनं संग्रामला एकदा धावताना पाहिलं आणि म्हणाला, तू चुकीचा खेळ खेळतोयस.

मी त्या संघाचीही फिजिओ झाले, संग्रामनंच माझं नाव सुचवलं म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पहिल्या दिवशी त्याचं डोकं हेल्मेटमध्ये मावेना. दुसऱ्या दिवशी मोठं हेल्मेट आलं, पण ते घातल्यावर तो बिचकल्यासारखा झाला. आजूबाजूचं दिसत नाही, आपलाच श्वास कानात घुमतो. पण खरी अडचण वेगळी होती. रग्बीत ज्याच्या हातात चेंडू, त्यालाच पाडायचं. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला हात लावला तर तो गुन्हा. इथे संग्रामचं काम उलटं होतं. आपला चेंडूवाला मागून येतोय, त्याच्या वाटेत जो येईल त्याला आडवा करायचा. त्या माणसाकडे चेंडू नसतो. पुष्कळदा तो तुमच्याकडे बघतही नसतो.

संग्राम धावत जायचा आणि शेवटच्या पावलाला ढिला पडायचा. खांदा लावायचा, पण दाराला लावतात तसा.

"तू दरवाजा ठोठावतोयस!" डेल ओरडायचा. "दरवाजा फोडायचाय, हबीबी!"

उझैर त्याला शिकवायचा. उझैर तेविशीचा, शारजातच जन्मलेला पठाण, औद्योगिक भागात घरच्यांचं टायरचं दुकान. चार वर्षं हा खेळ खेळत होता. सराव संपला की संग्रामला थांबवून घ्यायचा, स्वतः समोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "मार. अरे भाई, मार ना. मैं टूटूँगा नहीं." दोघांचं जमलं. रुपालीचा झुणका उझैर बोटं चाटून खायचा.

फेब्रुवारीअखेर संग्रामचा खांदा समोरच्यावर जोरात बसायला लागला. समोरची माणसं उडायला लागली. एका लेबनानी पोराच्या ओठातून दात आरपार गेला, त्याला मी टाके घालायला पाठवलं. एका सरावात दोघांना चक्कर आली. संग्राम आता पडलेल्याला उठायला हात देत नव्हता. तिथे तशी पद्धतच नाही, डेल म्हणाला, पुढच्या डावाला वेळ कमी असतो.

चाचणीचा दिवस शनिवारचा होता. दुपारचे तीन. मैदानातून पाण्यापलीकडे अल रीम आयलंडचे टॉवर दिसत होते. सकाळी धावणं, उड्या, वजनं झाली. दुपारी सगळ्यांचे दोन संघ पाडून खेळायला लावलं आणि चिठ्ठीत उझैर समोरच्या संघात गेला. कडेला पाच-सहा जण टॅबलेट घेऊन बसले होते.

विसाव्या मिनिटाला संग्रामच्या बाजूचा चेंडूवाला कडेनं सुटला. उझैर तिरका त्याच्यामागे निघाला. त्याचे डोळे चेंडूवर होते, मान वळलेली. संग्राम पुढून येत होता. मधलं अंतर पंधरा पावलं असेल. दहा पावलांवर संग्रामला वाट बदलता आली असती, नुसतं मध्ये उभं राहता आलं असतं. त्यानं वेग वाढवला. शेवटच्या पावलाला गुडघ्यात वाकला आणि आपलं एकशे पंधरा किलोंचं अंग उझैरच्या छातीवर घातलं.

ट्रकचा मागचा फाळका पडावा तसा आवाज झाला. उझैरचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. डोकं मागे गेलं, मग पाठ पडली, मग हेल्मेट आपटलं. एक बूट निघून लांब पडला.

बाकावरचे सगळे उठून ओरडले. डेलनं दोन्ही मुठी वर केल्या. आणि मी खोटं सांगणार नाही, माझ्याही तोंडून "अरे वा!" निघून गेलं. उझैर उठत नाहीये हे त्यानंतर दिसलं.

मी धावले. गुडघ्यांमध्ये त्याचं हेल्मेट धरून ठेवलं, काढू दिलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, नाकातून रक्त कानाकडे वाहत होतं. "उझैर, बोटं हलव." उजव्या हाताची हलली. डाव्याची हलली नाहीत. "मॅडम, मेरा हाथ किधर है?" तो म्हणाला. हात त्याच्या पोटावरच होता.

मी वर पाहिलं. संग्राम चार पावलांवर उभा होता, दोन्ही तळवे उघडे. त्याचा संघ त्याच्या पाठीवर थापा मारत होता. तो थरथरत होता. मला वाटलं, घाबरून.

मानेचा एक मणका मोडला होता आणि डाव्या हाताची नस चेपली होती. त्याच रात्री ऑपरेशन झालं. सकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये संग्राम माझ्याशेजारी बसला होता, अजून तीच जर्सी अंगात.

"ताई, एक सांगू? कुणाला बोलू नगा."

"बोल."

"मी थरथरत हुतो त्ये भ्यालो म्हणून न्हाई. मला लई बरं वाटलं. आवाज झाला न्हवं, त्या टायमाला. अक्ख्या आयुष्यात असं बरं वाटलं न्हवतं." त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. "मग त्येचा बूट दिसला."

तेवढ्यात उझैरची आई आली. शहनाझ, ठेंगणी बाई, काळी चादर. तिला कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. ती सरळ संग्रामसमोर आली.

"तू है वो?"

तो उठून उभा राहिला. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत येत होतं.

"तूने देखा नहीं था? बोल, देखा नहीं था कि मेरा बच्चा दूसरी तरफ़ देख रहा है?"

त्याला "नहीं" म्हणता आलं असतं. हेल्मेटमधून दिसत नाही, हे तो मला शंभरदा बोलला होता.

"देखा था," संग्राम म्हणाला.

तिनं त्याला मारायला सुरुवात केली. आधी मुठींनी छातीवर, मग पर्सनं तोंडावर. पर्सच्या कडीनं भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी त्यानं हात वर केला नाही. मी मध्ये पडले तर तिचा एक फटका मलाही बसला. शेवटी सिक्युरिटीवाल्यानं तिला बाजूला नेलं, आणि ती तिथेच लादीवर बसून मोठ्यानं रडायला लागली.

चौथ्या दिवशी संग्रामला ई-मेल आली. निवड झाली होती. तीनशे जणांतून दोघे. त्या फटक्याचा उल्लेख होता, "अचूक आणि नियमात बसणारा" असा. तो होताही नियमात. मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. छातीवर, समोरून, डोक्याला स्पर्श नाही.

जाऊ का, हे विचारायला तो उझैरकडे गेला. मला सोबत नेलं. उझैरच्या मानेला हनुवटीपासून छातीपर्यंत पट्टा होता.

"व्हिडिओ दिखा," उझैर म्हणाला.

संग्रामनं फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. उझैरनं दोनदा पाहिला. "अच्छा मारा," तो म्हणाला. मान वळवता येत नव्हती, म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. आम्ही निघालो.

संग्राम गेला. याबद्दल इथल्या मराठी मंडळींत बरंच बोललं गेलं. कुणी म्हणालं, काळीज नाही. कुणी म्हणालं, मग काय चूल पेटवून घरी बसायचं? रुपालीनं त्याची बॅग भरली.

तिकडचं मला तिच्याकडून कळलं. रोज दोनदा सराव, रोज तेच काम. जो बघत नाही त्याला पाडायचं. पहिले तीन आठवडे त्याचं कौतुक झालं. पण त्याच्याच उंचीची आणि वजनाची, शिवाय त्याच्याहून वेगानं धावणारी पोरं तिथे डझनानं होती, आणि ती दहा वर्षांनी लहान होती. आता ती त्याला उडवत होती. चौथ्या आठवड्यात तो सरावात दोन मिनिटं बेशुद्ध पडला. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता पुन्हा उतरला आणि पुन्हा पडला.

त्या संध्याकाळी त्यानं घरी फोन केला. रुपालीनं विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, "व्हय आक्का, जेवलो." आक्का म्हणजे त्याची कागलची बहीण.

"मी रुपाली," ती म्हणाली.

 मग, "कोण रुपाली?"

तिनं फोन ठेवला नाही. नाव, गाव, लग्नाची तारीख, रोल्लाच्या खोलीचा नंबर, सगळं एकेक करून सांगत राहिली. अर्ध्या तासानं तो रडायला लागला तेव्हा तिला समजलं की ओळख पटली. ती म्हणाली, "खलास, आता पुरे. परत ये." तिकडच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं. सहाव्या आठवड्यात तो परत आला.

आता त्याला उन्हात डोकं धरून बसावं लागतं. क्लबनं त्याला सामान आणि मैदान सांभाळायचं काम दिलं. कुठलाच खेळ त्याला आता डॉक्टर खेळू देणार नाहीत. त्याचा राग मात्र वाढलाय. एकदा पार्किंगमध्ये कुणी हॉर्न वाजवला म्हणून त्यानं गाडीच्या बॉनेटवर असा गुद्दा मारला की पत्रा आत गेला. रुपालीला कधी हात लावलेला नाही, पण एका रात्री ती दाराची कडी आतून लावून स्वयंपाकघरात झोपली होती, हे तिनं मला सांगितलंय. त्यालाही ठाऊक आहे. त्यानंतर तो स्वतःहून मेंदूच्या डॉक्टरकडे जायला लागला, गोळ्या चुकवत नाही.

उझैरच्या डाव्या हाताचे उपचार माझ्याकडे होते. दर मंगळवारी शारजाहून यायचा. पट्ट्यामुळे गाडी चालवता येईना, तेव्हा एका मंगळवारी दुकानाबाहेर संग्राम गाडी घेऊन उभा राहिला. उझैर मागच्या सीटवर बसला. चौदा महिने तो असाच त्याला ने-आण करत होता. उन्हाचा त्रास म्हणून संग्रामला डॉक्टरनं संध्याकाळचंच चालवायला परवानगी दिली होती, म्हणून मी वेळ सहाची ठेवली. शहनाझबाईंनी त्याला घरात घेतलं नाही, आजही घेत नाहीत. गाडीत दोघं बोलत नसत.

मागच्या रमजानआधीच्या मंगळवारी मी उझैरच्या मुठीची ताकद मोजली. उजव्या हाताच्या निम्म्याहून जास्त भरली. मी टाळ्या वाजवल्या. उझैरनं मूठ दोन-तीनदा उघडमीट केली आणि बाहेर गेला. संग्राम वेटिंगच्या खुर्चीत बसला होता.

"खडा हो," उझैर म्हणाला.

संग्राम उठला. उझैरनं डाव्या मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. दुसऱ्यांदा मारलं, तेव्हा दात लागून त्याची स्वतःची बोटं फुटली. तिसऱ्यांदा हात उचलला आणि खाली सोडला. खालचा ओठ फाटून संग्रामच्या शर्टावर रक्त ठिबकत होतं. वेटिंगमधली एक बाई मुलाला घेऊन बाहेर पळाली.

"डोक्यावर मारायचं नाही त्याला!" मी ओरडले. "दोघांनाही कळत नाही का? त्याच्या मेंदूला काय झालंय ते ठाऊक आहे ना तुला?"

"इसलिए मुँह पे मारा," उझैर म्हणाला. धापा टाकत होता.

मी आधी संग्रामच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, मग ओठाला बर्फ लावला, मग उझैरची बोटं बांधली. 

"लागलं का रे?" मी संग्रामला विचारलं.

"लागलं की," तो म्हणाला. फाटलेल्या ओठानं नीट बोलता येत नव्हतं. "हात चांगला झालाय त्येचा."

दोघं निघाले. मी खिडकीतून खाली पाहिलं. संग्राम कुलूप उघडून गाडीत बसला. उझैर मागच्या दारापाशी जरा थांबला, बांधलेल्या हातानं ते उघडायला गेला, जमलं नाही. मग वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसला.