अप्पांचं पायपुसणं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा टाकायला उठणारी बाई आहे. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली... जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो आम्ही सरळ बंद करतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण माझ्या नवऱ्याने, मंदारने, त्या दिवशी माझे तळपाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून लिहिते.

आम्ही बेंगळुरूला राजाजीनगरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी पुण्याची. माझे सासरे, अप्पा, मूळचे बेळगावकडचे, पण चाळीस वर्षं इथल्या एका सरकारी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले तरी इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. माझ्या पोळीची जाडीसुद्धा नजरेने मोजायचे आणि अर्ध्या कानडीत म्हणायचे, "स्वल्प जास्त आहे, पण पास!"

दोन वर्षांपूर्वी मी व्हीआर हेडसेट घ्यायचं काढलं. मंदार म्हणाला, "डोळ्यांवर डबा बांधून नाचणार का आता तू?" अप्पा मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसले. कुठल्याचं वजन किती, पट्टा मागून आधार देतो का, चष्मा आत मावतो का, भिंगांमधलं अंतर बदलता येतं का... सगळा तक्ता केला. मग स्टीलची पट्टी आणून आम्हा तिघांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. माझं साठ मिलिमीटर, मंदारचं चौसष्ट, त्यांचं स्वतःचं अडुसष्ट. मला एक हलका, देखणा हेडसेट फार आवडला होता. त्याची भिंगं हलणारी नव्हती.

"रिजेक्ट," अप्पा म्हणाले. "एकाच्याच डोळ्याला बसणारी वस्तू घरात चालत नाही, मृदू."

शेवटी त्यांनी पास केलेलाच घेतला.

तेव्हापासून आमची पार्टनरशिप जमली. कुठले नवे गेम येणार त्याची यादी फ्रिजवर लावलेली असायची. रविवारी नाश्ता झाला की सासरा-सून ट्रेलर बघायला बसायचो. अप्पांचा जीव एकाच गेममध्ये अडकला होता – वाफेचं इंजिन चालवायचा. लहानपणी त्यांना इंजिन ड्रायव्हरच व्हायचं होतं. त्या गेमची तारीख तीनदा पुढे गेली. दरवेळी अप्पा जुनी तारीख खोडून नवी लिहायचे आणि म्हणायचे, "सरी, ठीक आहे, थांबू. गाडी आहे, लेट होणारच."

खेळताना त्यांचा एक नियम होता. त्यांच्या खोलीच्या मधोमध काथ्याचं पायपुसणं टाकायचं आणि त्यावर अनवाणी उभं राहायचं. हेडसेट घातला की आपण कुठे आहोत ते कळत नाही. काथ्या पायाला लागला की समजायचं, मधोमध आलो, आता थांबायचं. "डोळ्याला फसवता येतं गं, तळपायाला नाही," असं ते म्हणायचे. शिवाय हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची सीमा आखावी लागते. फक्त हेडसेटमधूनच दिसणारी रेघ जमिनीवर ओढायची, तिच्याजवळ गेलं की समोर जाळी दिसते. ती रेघही अप्पांनीच ओढली होती, आपल्या पलंगाला आणि कपाटाला नीट वळसा घालून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि अप्पा गेले. फ्रिजवर त्यांच्या अक्षरातली तारीख तशीच राहिली.

पुढे आम्ही त्यांची खोली रिकामी केली. पलंग गेला, कपाट गेलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या लक्ष्मम्मांनी पायपुसणं मागितलं, मी देऊन टाकलं. देताना काहीच वाटलं नाही, याचं आता वाईट वाटतं.

आणि मग तो गेम आला.

रविवारची सकाळ, अकराचा सुमार. अप्पांच्या खोलीला लागून बाल्कनी आहे. तिचा गंजलेला लोखंडी कठडा आदल्या दिवशीच काढून यशवंतपूरला वेल्डरकडे नेला होता. मंदार तिकडेच गेला होता. जाताना दोनदा बजावून गेला, "बाल्कनीचं दार लावून ठेव." मी मात्र उकडतंय म्हणून ते सताड उघडलं. म्हटलं, सीमा आहे ना!

हेडसेट घातला तर त्याने विचारलं – खोली बदललेली दिसते, नवी सीमा आखायची का? सामान हललं की जुनी रेघ भलतीकडे सरकू शकते, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण ती रेघ अप्पांची होती... पलंगाभोवतीचा त्यांच्या हाताचा वळसा अजून तिच्यात होता. पुसवेना. मी 'नाही' दाबलं.

गेम सुरू झाला. कोळसा टाकायचा, वाफ धरायची आणि बाहेर वाकून सिग्नल बघायचा. मी रडत होते आणि हसतही होते. "अप्पा, बघा, प्रेशर आलं!" असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. सिग्नल दिसेना म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, मग आणखी दोन. आता वाकणार, तेवढ्यात दोन्ही तळव्यांखाली काथ्या लागला... तोच, खरखरीत, टोचणारा. सवयीने पाय जागच्या जागी थांबले.

मग आठवलं, पायपुसणं घरात नाहीच.

हेडसेट काढला. मी बाल्कनीत होते. कडा माझ्या बोटांपासून वीतभर. तीन मजले खाली शेजाऱ्यांच्या स्कूटर. पायाखाली गुळगुळीत, गार फरशी, बाकी काही नाही.

मंदार आला तेव्हा मी खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी त्याला पायांचे तळवे दाखवले. त्यांवर काथ्याच्या विणीचे लाल वळ उठले होते. तो खालीच बसला. वळांवरून बोट फिरवत म्हणाला, "हे अप्पांच्या पायांना असायचे." अर्ध्या तासात वळ गेले. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

मी लगेच लक्ष्मम्मांना फोन केला. "इल्ले इदे अक्का, बागिलल्ले. याके?" त्या म्हणाल्या. इथेच आहे, दारातच. का?

सवयीमुळे मेंदूला भास झाला, असं स्वतःला हजारदा समजावलंय. भास पायांना थांबवेल, हेही मानते. पण वळ? हा बग मला अजून बंद करता आलेला नाही.

लक्ष्मम्मांना नवं देऊन जुनं पायपुसणं परत आणलं. नवी सीमा आखली. आता रविवारी माझं खेळून झालं की इंजिन स्टेशनात उभं करते, भिंगांमधलं अंतर अप्पांच्या अडुसष्टवर आणते आणि हेडसेट पायपुसण्यावर ठेवते. मंदार लांबूनच बघतो. परवा मात्र मी घाईत होते, तशीच निघाले, तर मागून त्याचाच आवाज आला, "मृदू, अडुसष्ट करायचं राहिलं."